टर्नटेबल बदलताना: आधी काय, मग काय

टर्नटेबल हे मुळात मोजमापाचे यंत्र आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तबकडीच्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर उमटलेली नागमोडी वळणे वाचून त्यांचे विजेच्या अतिसूक्ष्म दाबात रूपांतर करणे, एवढेच त्याचे काम असते. परंतु ही वळणे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागत असल्याने ती वाचताना मोटारीची थरथर, बेअरिंगची घरघर, जमिनीचे हादरे आणि सुईचा स्वतःचा आकार यांपैकी कोणतीही गोष्ट मूळ नोंदीत मिसळू शकते. साध्या टर्नटेबलवरून मध्यम किमतीच्या टर्नटेबलकडे वळणाऱ्या श्रोत्याने म्हणूनच आपल्या संचात यांपैकी नेमके काय मिसळत आहे हे आधी पाहावे. कारण जो भाग मुळातच समाधानकारक आहे त्यावर केलेला खर्च कानापर्यंत पोहोचत नाही.

मध्यम किंमत म्हणजे येथे भारतीय बाजारात ढोबळमानाने पन्नास हजार ते दीड लाख रुपयांचा टप्पा गृहीत धरला आहे. या टप्प्याच्या खाली सुई, मोटार आणि आर्म या सर्वांत तडजोड केलेली असते, तर वरच्या टप्प्यात किमती जितक्या झपाट्याने वाढतात तितक्या प्रमाणात ऐकू येणारा फरक वाढत नाही. त्यामुळे निवडीचा खरा कस लागतो तो याच टप्प्यात.

वेग आणि सूर

लाँग प्ले तबकडी, म्हणजेच एलपी, १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने बाजारात आणली आणि तिचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे असा ठरला. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. वेग ठरलेला असला तरी तो राखणे हे टर्नटेबलचे पहिले काम आहे, कारण वेग बदलला की सूर बदलतो. दोन लगतच्या स्वरांतील अर्ध्या स्वराचे अंतर सुमारे सहा टक्के असते. म्हणजे तबकडी तीन टक्के सावकाश फिरली तर संपूर्ण गायन पाव स्वराने उतरते. वेगात सावकाश होणाऱ्या चढउताराला ‘वाव’ आणि जलद होणाऱ्या चढउताराला ‘फ्लटर’ म्हणतात, व दोन्ही मिळून टक्क्यांत मोजले जातात. ज्या संगीतात स्वर दीर्घकाळ स्थिर असतो तेथे हा दोष सर्वांत आधी उघडा पडतो. म्हणूनच हिंदुस्थानी गायनाच्या तबकडीतील तानपुऱ्याचा अखंड षड्ज हा टर्नटेबल पारखण्याचा उत्तम निकष ठरतो. ढोलताशांच्या गजरात जे खपून जाते ते तानपुऱ्याच्या झंकारात खपत नाही.

वेग राखण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. ‘बेल्ट ड्राइव्ह’ रीतीत मोटार बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने ती प्लॅटरला, म्हणजे तबकडी ज्यावर ठेवली जाते त्या जड चकतीला, फिरवते. पट्टा मोटारीची थरथर बऱ्याच अंशी शोषून घेतो, पण काळाबरोबर तो सैल होतो आणि अधूनमधून बदलावा लागतो. ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ रीतीत प्लॅटर हाच मोटारीचा भाग असतो आणि वेगावर इलेक्ट्रॉनिक मंडल लक्ष ठेवते. या रीतीचा पाया जपानच्या टेक्निक्सने १९७० सालच्या एसपी-१० या नमुन्याने घातला, आणि १९७२ साली आलेल्या एसएल-१२०० मालिकेने ती रीत घराघरांत आणि पुढे डीजेंच्या टेबलांवर पोहोचवली. कोणती रीत श्रेष्ठ याविषयीचे वाद अनेक दशके चालले, तरी मध्यम किमतीच्या आजच्या चांगल्या यंत्रांत दोन्ही रीतींचा दोष इतका कमी झालेला आहे की केवळ रीतीवरून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही.

भारतातील श्रोत्यासाठी मात्र मोटारीच्या प्रकाराला एक वेगळे महत्त्व आहे. जुन्या अनेक टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटार थेट विजेवर चालते आणि तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्‌झची, तर भारतातील ५० हर्ट्‌झची आहे. त्यामुळे परदेशातून परतताना सोबत आणलेले असे यंत्र केवळ व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून येथे चालवले तर ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरेच होतात आणि गाणे अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या तीन पायऱ्या, म्हणजे दीड स्वर खाली येते. त्यावर उपाय ट्रान्सफॉर्मर नव्हे, तर ५० हर्ट्‌झसाठीची वेगळ्या व्यासाची पुली हा आहे. भारतातील वीजही पूर्वी आजच्याइतकी स्थिर नव्हती. टंचाईच्या काळात ग्रिडची वारंवारता ४९ हर्ट्‌झच्याही खाली जात असे आणि तेव्हा अशी यंत्रे दोन-तीन टक्के मंद फिरत. आता वारंवारता सामान्यतः ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात राहते, त्यामुळे हा दोष नगण्य झाला आहे. ज्या यंत्रात वेगाचे नियंत्रण स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे आहे तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

वेगाच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. तबकडीचे मधले छिद्र अचूक केंद्रात नसेल तर टर्नटेबल कितीही स्थिर फिरला तरी सूर डोलतो. छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर केंद्रापासून दहा सेंटिमीटर अंतरावरच्या खाचेत वेग अर्ध्या टक्क्याने पुढेमागे होतो, आणि चांगल्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्राचा जाहीर दोष ०.०२५ टक्के असतो हे ध्यानात घेतले तर तबकडीचा हा दोष त्याच्या वीसपट भरतो. नाकामिची या जपानी कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी तबकडी स्वतःहून केंद्रात आणणारा टीएक्स-१००० हा टर्नटेबल केला, तो याच कारणाने. सर्वसामान्य श्रोत्यासाठी याचा अर्थ असा की सूर सर्व तबकड्यांवर हलत असेल तर दोष यंत्राचा आणि काहींवरच हलत असेल तर दोष तबकडीचा. दुसऱ्या परिस्थितीत नवा टर्नटेबल घेऊन काहीही साधत नाही.

हादरे, घरघर आणि घराची जमीन

बेअरिंग आणि मोटार यांची जी खोल, खर्जातील घरघर सुईपर्यंत पोहोचते तिला ‘रंबल’ म्हणतात, आणि ती जितकी वाटते त्याहून अधिक त्रासदायक ठरण्याचे कारण ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतच आहे. खर्जाच्या ध्वनीची वळणे फार रुंद होतात आणि खाचा एकमेकींत घुसू शकतात, म्हणून तबकडी कोरताना खर्ज दाबला जातो आणि तार स्वर उचलले जातात. ऐकताना नेमके याच्या उलट केले जाते. या चढउताराचे १९५४ सालापासून रूढ झालेले प्रमाण ‘आरआयएए वक्र’ म्हणून ओळखले जाते. त्यानुसार एक किलोहर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झचा ध्वनी परत ऐकताना सुमारे १९ डेसिबेलने, म्हणजे जवळपास नऊपट वाढवला जातो. साहजिकच त्या पट्ट्यात यंत्राने मिसळलेली घरघरही तितकीच वाढते.

बाहेरचे हादरे रोखण्याच्या दोन परंपरा आहेत. अमेरिकेत एडगर विलचर यांनी १९६१ साली एआर-एक्सए या टर्नटेबलात प्लॅटर आणि आर्म एकाच उपचौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तरंगती ठेवली. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या लिन कंपनीचा १९७२ सालचा सोंडेक एलपी१२ हा याच परंपरेतला. इंग्लंडमधील रेगा कंपनीने, जिची स्थापना १९७३ सालची, याच्या उलट हलकी आणि ताठ चौकट पसंत केली, जेणेकरून ऊर्जा साठून राहण्याऐवजी चटकन निघून जावी. तरंगत्या चौकटीला ब्रिटनमध्ये इतका मान मिळाला त्याचे एक कारण तेथील घरांच्या पोकळ लाकडी जमिनींत होते. कोणी चालले की जमीन खालीवर होते आणि सुई हलते. महाराष्ट्रातील आजच्या बहुतेक सदनिकांत सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर फरशी असल्याने पावलांचा हादरा क्वचितच पोहोचतो, आणि स्प्रिंगांची गुंतागुंत टाळून ताठ चौकटीचे यंत्र घेणे तेथे अधिक शहाणपणाचे असते. जुन्या वाड्यात किंवा लाकडी तक्तपोशीच्या चाळीत राहणाऱ्यांसाठी मात्र भिंतीत पक्के ठोकलेले शेल्फ हा महागड्या चौकटीपेक्षा स्वस्त आणि अधिक खात्रीचा उपाय ठरतो. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर ठेवू नयेत हा नियम सर्वच घरांना लागू आहे, कारण स्पीकरचा हादरा सुईत शिरून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडण्याचे चक्र सुरू होते.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडी

सुई धरून ठेवणारा आणि तबकडीवरून सरकणारा दांडा म्हणजे टोनआर्म, आणि त्याच्या टोकाला बसवलेली, सुईच्या हालचालीचे विजेत रूपांतर करणारी डबी म्हणजे कार्ट्रिज. या दोघांची निवड एकत्र करावी लागते, कारण आर्मचे वस्तुमान आणि सुईच्या टेकूचा लवचीकपणा मिळून एका ठरावीक वारंवारतेला डोलू लागतात. ही वारंवारता ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान असावी असा संकेत आहे. तिच्याखाली वाकलेल्या तबकड्यांचे आणि पावलांचे हादरे असतात, तर वीस हर्ट्‌झच्या वर संगीत सुरू होते, आणि हे दोन्ही टाळून मधल्या मोकळ्या जागेत तो डोल ठेवावा लागतो. गणित सोपे आहे: एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचीकपणा कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातील एककात घेऊन त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागावे. आर्मचे परिणामी वस्तुमान ११ ग्रॅम, कार्ट्रिज व स्क्रू मिळून ७ ग्रॅम आणि लवचीकपणा १२ असेल तर उत्तर १०.८ हर्ट्‌झ, म्हणजे योग्य जोडी. जपानी कार्ट्रिजांचा लवचीकपणा बहुधा १०० हर्ट्‌झला मोजलेला असतो, म्हणून तो आकडा दीड ते दोन पटीने वाढवूनच या सूत्रात घालावा.

टोनआर्म एका खुंटीभोवती फिरत असल्याने सुई तबकडीवर सरळ रेषेत न जाता कमानीत जाते, उलट तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत जात असते. या फरकामुळे येणारी कोनाची चूक कमीत कमी राहावी म्हणून आर्म वाकवून बसवला जातो. त्याचे गणित स्वीडनचे एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ साली मांडले आणि बेअरवॉल्ड यांनी १९४१ साली त्याच निष्कर्षाप्रत येणारी मांडणी केली. या मांडणीनुसार केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटर अशा दोनच ठिकाणी कोन अचूक असतो. कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या बैठकीत, एखादा मिलिमीटर पुढेमागे झाले तरी ही ठिकाणे सरकतात. प्रोट्रॅक्टर नावाचा मापनपट आणि सुईचा भार मोजणारा छोटा वजनकाटा ही दोन साधने म्हणूनच कोणत्याही टर्नटेबलच्या आधी विकत घेण्यासारखी आहेत, आणि अनेक श्रोत्यांना यंत्र बदलून जो फरक हवा असतो तो या दोन साधनांनीच मिळून जातो.

सुईचा आकार

मध्यम टप्प्यात खर्चाचा सर्वांत मोठा परतावा सुईत आहे, आणि त्याचे कारण तबकडीच्या भूमितीत दडलेले आहे. फेऱ्यांचा वेग स्थिर असला तरी बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर धावते, तर आतल्या टोकाला, केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर, ती केवळ एकवीस सेंटिमीटर धावते. दहा हजार हर्ट्‌झचा ध्वनी बाहेरच्या कडेला ५१ मायक्रॉन लांबीच्या वळणात मावतो, पण आत त्याच ध्वनीला २१ मायक्रॉनच मिळतात. गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. इतके जाड टोक एवढ्या दाट वळणांच्या तळापर्यंत जाऊ शकत नाही, आणि त्यातून तार स्वरांना जो खरखरीतपणा येतो त्याला आतल्या खाचेची विकृती म्हणतात.

हिंदुस्थानी संगीताच्या एलपींवर हा दोष विशेष जाणवतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या एका बाजूवर विलंबित ख्याल सुरुवातीला येतो, तेव्हा सुई तबकडीच्या प्रशस्त बाहेरच्या भागात असते. आणि गायन रंगत जाऊन द्रुत बंदिश, ताना किंवा तराणा येतो तेव्हा ती नेमकी सर्वांत दाटीच्या आतल्या भागात पोहोचलेली असते. वाद्यवादनात झाल्याचेही तेच होते. पाश्चात्त्य पॉप गाण्यांच्या तबकडीत निर्माता शांत गाणे शेवटी ठेवून हा दोष झाकू शकतो. रागमांडणीत ती सोय नाही.

गोल टोकानंतरची पायरी म्हणजे लंबगोल सुई. तिची खाचेच्या दिशेतील त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून ती दाट वळणांत अधिक खोल शिरते. त्यापुढे ‘फाइन लाइन’, ‘मायक्रोलाइन’ आणि जपानच्या जेव्हीसीमधील नोरियो शिबाता यांनी १९७०च्या दशकात चार स्वतंत्र ध्वनिवाहिन्यांच्या तबकड्यांसाठी घडवलेला ‘शिबाता’ हे आकार येतात. ते आडव्या दिशेत अधिक बारीक आणि उभ्या दिशेत लांब असल्याने खाचेच्या भिंतीला बिंदूऐवजी रेषेत स्पर्श करतात. भारतात याचा आणखी एक लाभ आहे. दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एचएमव्हीच्या कितीतरी तबकड्या अनेक वर्षे साध्या पेटीवजा प्लेअरवर, जड भार देणाऱ्या सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअपच्या गोल सुईने वाजल्या. तिने भिंतीचा एक पट्टा झिजवला असला तरी त्याच्या वरखालचा भाग पुष्कळदा शाबूत असतो, आणि उभ्या दिशेत लांब असलेली सुई त्या शाबूत भागाचाही आधार घेते. अशी सुई मात्र कोनाच्या आणि भाराच्या चुका गोल सुईइतक्या खपवून घेत नाही, म्हणून तिच्यासोबत काटेकोर जुळवणी आलीच.

या टप्प्यात कार्ट्रिजची एक सोय मोलाची आहे. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला चुंबक आणि त्याभोवती स्थिर तारेची गुंडाळी असलेल्या ‘मूव्हिंग मॅग्नेट’ प्रकारात सुईचा भाग ओढून काढता येतो आणि डबी तशीच ठेवून वरच्या दर्जाची सुई बसवता येते. डेन्मार्कच्या ऑर्टोफोनच्या २एम मालिकेत ‘रेड’ची सुई काढून ‘ब्लू’ची बसवता येते, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत तर गोल, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाता आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीची जाड सुई या सर्व एकाच डबीत बसतात. याउलट चुंबक स्थिर आणि गुंडाळी हलती असलेल्या ‘मूव्हिंग कॉइल’ प्रकारात सुई झिजली की बहुधा संपूर्ण कार्ट्रिजच बदलावे लागते, आणि त्याचा संदेश इतका क्षीण असतो की त्यासाठी वेगळा, अधिक महाग वर्धक लागतो.

फोनो स्टेज

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट, तर बहुतेक मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी दाब देते. हा संदेश अनुक्रमे सुमारे शंभर आणि हजार पटींनी वाढवून आरआयएए वक्र उलटवण्याचे काम फोनो स्टेज करते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती आत असते, नव्यांत पुष्कळदा नसते. टर्नटेबलमध्ये आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अशा दोन्ही ठिकाणी ती असेल तर त्यांपैकी एकच वापरायची असते. मूव्हिंग मॅग्नेटसाठी ४७ हजार ओहमचा रोध हे प्रमाण सर्वत्र पाळले जाते, पण केबलची विद्युत धारिता वाढली की तार स्वरांत आधी टोचरा उठाव आणि मग घसरण येते. लांब केबलऐवजी आखूड केबल हा येथे विनाखर्च होणारा सुधार आहे. ५० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा भूसंपर्काची तार सुटलेली असते, यंत्र बिघडलेले नसते.

तीन नमुने आणि खर्चाचा क्रम

या टप्प्यातील तीन यंत्रे तीन वेगळ्या विचारांची आहेत. रेगाच्या प्लॅनर ३ मध्ये हलकी ताठ चौकट, काचेचा प्लॅटर आणि दर्जेदार आर्म यांवर भर आहे. मात्र वेग बदलताना प्लॅटर उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो, आर्मची उंची चकत्या घालूनच बदलता येते आणि ७८चा वेग नाही. १९९१ साली सुरू झालेल्या ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टच्या डेब्यू मालिकेतील वरच्या नमुन्यांत कमी किमतीत कार्बन फायबरचा आर्म मिळतो. टेक्निक्सच्या एसएल-१५००सी मध्ये डायरेक्ट ड्राइव्ह, आतच बसवलेली फोनो स्टेज, काढता येणारे हेडशेल आणि ३३⅓, ४५ व ७८ असे तिन्ही वेग आहेत.

शेवटचा मुद्दा मराठी घरांत निर्णायक ठरू शकतो. भारतात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या आणि नाट्यसंगीताचा मोठा वारसा त्यांवरच आहे. त्यांची खाच रुंद असल्याने तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाऊन कचराच वाचते. अशा तबकड्या घरात असतील तर दोन हेडशेलांवर दोन सुया तयार ठेवता येणारे, ७८चा वेग असणारे यंत्रच निवडावे, मग इतर गुणांत ते थोडे मागे असले तरी चालेल. केवळ एलपी ऐकणाऱ्याने या सोयीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

लिनचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रुन यांनी १९७०च्या दशकात असा आग्रह धरला की संचात आधी टर्नटेबल, मग आर्म आणि शेवटी कार्ट्रिज या क्रमाने खर्च करावा, कारण उगमाशी हरवलेले पुढे परत मिळत नाही. हे तत्त्व तेव्हा पटण्याजोगे होते, कारण स्वस्त यंत्रांची घरघर आणि वेगातील डोल इतका मोठा होता की उत्तम सुई ते दोषही निष्ठेने वाचत असे. आज पन्नास हजारांच्या यंत्राने हे दोष पुष्कळ आटोक्यात आणले आहेत, म्हणून क्रम उलटा होतो. ज्याच्याकडे आधीपासून ठीक चालणारा, आर्मचा भार आणि कोन जुळवता येणारा टर्नटेबल आहे त्याने आधी जुळवणी तपासावी, मग सुईचा आकार सुधारावा आणि त्यानंतर फोनो स्टेजकडे पाहावे. गाणे सुरुवातीला स्वच्छ आणि शेवटी फाटके वाटत असेल तर रोग सुईत किंवा कोनात आहे; सर्व तबकड्यांवर तानपुरा डोलत असेल किंवा दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत घरघर ऐकू येत असेल, आणि पट्टा व जागा बदलूनही ती जात नसेल, तेव्हाच संपूर्ण यंत्र बदलण्याची वेळ आली असे समजावे. नवे यंत्र घेतानाही त्यासोबत आलेल्या साध्या कार्ट्रिजवर समाधान न मानता अंदाजपत्रकाचा पाव ते तिसरा हिस्सा सुईसाठी राखून ठेवणारा श्रोता, तीच रक्कम अधिक महाग चौकटीवर घालणाऱ्या श्रोत्यापेक्षा बहुधा अधिक ऐकतो.